व्हिडिओ तर काढला, आता पुढे? अनोळखी माणसाला चव्हाट्यावर आणण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुण्यातल्या सोसायट्यांचे पदाधिकारी, कॉलेजची मुलं, नोकरदार मंडळी पुन्हा पुन्हा पाठवतात. बरेचसे रागात पाठवलेले असतात आणि तो राग बहुतेक वेळा रास्तच असतो. उत्तरं लिहिताना 1 जुलै 2024 पासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे धरले आहेत. कलमं दिशा कळावी म्हणून दिली आहेत, स्वतःच्या प्रकरणात वकिलाला विचारा.

1. कुणाची खासगी माहिती उघड करणं म्हणजे नेमकं काय? नाव-नंबर तर आजकाल सगळ्यांकडेच असतो.

असतो, पण विखुरलेला असतो. तुमचा नंबर दूधवाल्याकडे आहे, पत्ता कुरिअरवाल्याकडे, मुलीची शाळा रिक्षावाल्या काकांना माहीत आहे आणि ऑफिस लिंक्डइनवर आहे. या चौघांपैकी कुणीही तुमचं वाईट करणार नाही. पण याच चार गोष्टी एका पोस्टमध्ये एकत्र करून वर "हाच तो, याला धडा शिकवा" असं लिहिलं, की त्या माहितीचं काम बदलतं. यालाच डॉक्सिंग म्हणतात. त्यामुळे "हे सगळं गूगलवर होतंच" हा बचाव मला पटत नाही. गूगलवर तुकडे होते. ते जोडून, राग चढलेल्या लोकांच्या हातात तुम्ही दिलेत.

2. म्हणजे रस्त्यावर कुणी वाट्टेल तसं वागलं तरी व्हिडिओ काढायचा नाही?

काढा, जरूर काढा. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. तिला गाणं लावू नका, कापाकापी करू नका. जागा आणि वेळ लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत आकसते, म्हणून पोलिसांना दाखवायला मूळच लागते.

खरा प्रश्न तो कुणाकडे पाठवायचा हा आहे. माझी कसोटी एकच: दुसरी बाजू ऐकून घेणं ज्याच्यावर बंधनकारक आहे, त्याच्याकडे. पोलीस, महापालिका, कॉलेजची समिती, कंपनीतली तक्रार समिती, सोसायटीची कमिटी. यातले अनेक जण ऐकण्यात कुचराई करतात, हे मान्य. पण का ऐकलं नाही, हे त्यांना विचारता येतं. पोस्टखाली जमलेल्या पन्नास हजार लोकांना असं कोण विचारणार? वाहतुकीच्या तक्रारींसाठी महाराष्ट्र पोलिसांचं महाट्रॅफिक ॲप आहे, फोटो तिथे टाका.

आणि जाहीर लिहायचंच असेल तर घटनेबद्दल लिहा. पुणेरी पाटी गेटसमोर गाडी लावणाऱ्याची बिनपाण्यानं करते, पण तिच्यावर कधी जोशीकाकांचा मोबाईल नंबर नसतो.

3. गाडीचा नंबर तर जगाला दिसतो. तो टाकला तर काय बिघडलं?

नंबर गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. पुण्यात विकलेल्या पण नावावर न केलेल्या दुचाकी किती असतील, कल्पना करा. गाडी मित्राची असते, भाड्याची असते, ऑफिसच्या ट्रॅव्हल्सची असते, कधी नंबरप्लेटच बनावट असते. पूर्वी नंबर टाकला की मालकाचं नाव सहज मिळायचं, आता परिवहन खात्याच्या सेवेत ते अर्धवट झाकून दिसतं. ते उगाच झाकलेलं नाही. नंबर पोलिसांना पूर्ण द्या, जाहीर पोस्टमध्ये झाका.

4. पण व्हायरल झाल्याशिवाय पोलीस हलत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. मग काय करायचं?

आलेल्या प्रश्नांत सगळ्यात वजनदार प्रश्न हा. जुलै 2024 मध्ये पाषाण-बाणेर लिंक रोडवर, दोन लहान मुलांना घेऊन दुचाकीवरून जाणाऱ्या एका महिलेला कारचालकानं मारहाण केली. रक्ताळलेल्या चेहऱ्यानं तिनं स्वतःच व्हिडिओ केला, तो पसरला आणि अटक झाली. मार्च 2025 मध्ये, नेमक्या महिला दिनी, येरवड्याच्या शास्त्रीनगर चौकात आलिशान गाडी थांबवून भर रस्त्यात लघुशंका करणाऱ्या तरुणाचा व्हिडिओ काही तासांत शहरभर फिरला. तिथेही अटक झाली. व्हिडिओ नसता तर काय झालं असतं, याचा अंदाज तुम्हीही करू शकता.

पण या दोन्ही प्रकरणांत कामाला काय आलं ते बघा. घटना, ठिकाण, वेळ. शोध घेतला पोलिसांनीच. त्यासाठी कुणाचा फ्लॅट नंबर, बायकोचं फेसबुक किंवा मेहुण्याचं दुकान सार्वजनिक करायची गरज नव्हती. यंत्रणेवर दबाव आणणं वेगळं, माणसाच्या दारात जमाव पाठवणं वेगळं. पहिल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

दबाव आणायचाच तर यंत्रणेचीच माहिती उघड करा: कुठल्या ठाण्यात, कुठल्या तारखेला तक्रार दिली, काय उत्तर मिळालं, किती दिवस झाले. पुणे पोलिसांच्या खात्याला त्यात टॅग करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यानं घ्यावी लागते, हद्दीचं कारण चालत नाही. ठाण्यानं टाळाटाळ केली तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे, म्हणजे पुणे शहरात त्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे द्या. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. रस्ता कंटाळवाणा आहे, खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. व्हायरल होण्याच्या रांगेतही वशिला चालतो. ज्याच्याकडे चांगला फोन, इंग्रजी आणि ओळखीचे पत्रकार आहेत, त्याचा व्हिडिओ पळतो. पहाटे कचरा वेचणाऱ्या बाईला गाडीनं उडवलं तर तिच्यासाठी ट्रेंड चालत नाही. व्हायरलला न्यायाचा दरवाजा म्हणायचं, तर तो कुणासाठी उघडतो तेही सांगावं लागेल.

5. मी जे खरं आहे तेच लिहिलं. खरं सांगितल्यावर बदनामी कशी होते?

फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मधला पहिला अपवाद सांगतो की विधान खरंही हवं आणि ते जाहीर करण्यात लोकहितही हवं. शेजाऱ्याचा घटस्फोट, कुणाचा आजार, कुणाचं कर्ज खरं असेल, पण त्यात लोकहित काय? शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. दिवाणी दाव्यात सत्य हा भक्कम बचाव आहे, पण दावा लढायला लागणारी वर्षं आणि पैसा तुमचाच जातो.

6. माणूस चुकीचा निघाला तर पोस्ट डिलीट करता येते की. एवढं काय?

2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या हौशी शोधकांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचा स्फोटाशी काही संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेह सापडला. मुलगा हरवल्याच्या दुःखात असलेल्या कुटुंबानं ते दिवस शिव्याशाप ऐकत काढले. रेडिटनं जाहीर माफी मागितली.

आपल्याकडचं बघा. 2015 मध्ये दिल्लीत सिग्नलवर छेड काढल्याचा आरोप झालेल्या तरुणाचा फोटो फेसबुकवर आला, वाहिन्यांनी त्याला निकालाआधीच गुन्हेगार ठरवून टाकलं. 2019 मध्ये न्यायालयानं त्याची निर्दोष मुक्तता केली. फोटो ज्यांनी पुढे पाठवला त्यातल्या कितीजणांनी निकालाची बातमी पुढे पाठवली असेल?

आणि पोस्ट पडद्यावरच राहील याची खात्री कुणी द्यायची? जून 2014 मध्ये फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात तणाव होता. हडपसरमध्ये एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावानं मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा बळी गेला. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी फिरत आलेली माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर.

7. हे सगळं मोबाईलमुळेच सुरू झालं ना?

पुण्यानं तरी असं म्हणू नये. 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक व्याख्यान झालं, त्यानंतर चहा-बिस्किटं आली. हजर मंडळींत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे पती) यांनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात छापून आणली. मिशनऱ्यांकडचा चहा! मग चहा प्याला की नुसता कप हातात धरला, यावर शहरभर खल झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, घरच्या धार्मिक कार्यांना ब्राह्मण मिळेनात. पत्ता छापायची गरजच नव्हती, पेठांत सगळ्यांना सगळे माहीत होते.

गोपाळरावांना सुधारकांचा दुटप्पीपणा उघडा पाडायचा होता असं धरलं तरी, यादी एकदा छापल्यावर शिक्षा किती, कुणी आणि कधीपर्यंत द्यायची हे त्यांच्या हातात राहिलं नाही. वाळीत टाकण्याची ही खोड आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

8. आरोपी अल्पवयीन आहे म्हणून त्याचं नाव का लपवायचं? कृत्य तर मोठ्या माणसाचं!

हा प्रश्न कल्याणीनगरच्या अपघातानंतर ओघानं आला आणि अजून येतो. 19 मे 2024 ची ती रात्र, 17 वर्षांच्या मुलाच्या हातातली पोर्शे, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू आणि जामिनाच्या अटींमधला तो 300 शब्दांचा निबंध. पुणं पेटून उठलं नसतं तरच नवल.

बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते श्रीमंताच्या मुलालाही लागू आहे आणि कोयता घेऊन फिरताना पकडलेल्या वस्तीतल्या पोरालाही. त्या दुसऱ्या पोराला त्याची गरज जास्त, कारण त्याचं नाव एकदा फुटलं की त्याला सावरायला वकिलांची फौज नसते.

याच प्रकरणात त्या मुलाचा म्हणून एक मग्रूर रॅप व्हिडिओ फिरला. तो त्याचा नव्हताच. लोकांनी मात्र तो पुरावा समजून पुढे पाठवला. जे खरंच हादरवणारं होतं, म्हणजे रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप आणि ससूनच्या डॉक्टरांची अटक, ते तपासातून आणि बातमीदारांच्या पाठपुराव्यातून बाहेर आलं.

9. पीडितेला न्याय मिळावा म्हणून तिचा फोटो टाकला तर?

नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात न्याय संहितेचं कलम 72 लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद. गाव, कॉलेज, वडिलांचा व्यवसाय असं सांगून ओळख पटेल असं लिहिणंही चालत नाही. "जस्टिस फॉर" पुढे तिचं नाव लावणं हेही उघड करणंच आहे.

10. सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी टाकतो. ती तर आमचीच आपसातली गोष्ट ना?

थकबाकी हा सोसायटीचा कारभार आहे, सभासदांना हिशेब कळायला हवा. तो सर्वसाधारण सभेत आणि अहवालात येतो. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र भाडेकरू असतात, सोडून गेलेले सभासद असतात, कुणाची मावसबहीणही असते. वसुलीसाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा रीतसर मार्ग आहे. यादी टाकल्यानं वसुली होण्याऐवजी जिन्यातली भांडणं वाढतात, असाच माझा अनुभव आहे.

भाड्यानं राहणाऱ्या मुली किती वाजता येतात, त्यांच्याकडे कोण येतं याचे सीसीटीव्ही फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या कमिट्या आहेत. याला सुरक्षा म्हणू नका. एखाद्या पुरुषानं एखाद्या मुलीवर अशी सतत पाळत ठेवली तर पाठलागाच्या कलमापर्यंत, म्हणजे न्याय संहितेच्या कलम 78 पर्यंत, गोष्ट जाऊ शकते.

11. कामवाल्या मावशींनी चोरी केल्याचा संशय आहे. इतर सोसायट्यांना सावध करायला त्यांचा फोटो आणि आधार कार्ड टाकू का?

आधार तर कुणाचंच कुठेच टाकू नका. आणि संशयावर फोटोही नको. मॅनेजरवर संशय आला तर कंपनी चौकशी बसवते. मावशींच्या वाट्याला मात्र ग्रुपवरचा फोटो येतो, दुसऱ्या दिवशी चार घरची कामं सुटतात आणि गेटवर वॉचमन अडवतो. अंगठी पुढच्या आठवड्यात कपाटामागे सापडली तर ती बातमी ग्रुपवर येत नाही. मोलकरीण, डिलिव्हरीची मुलं, ड्रायव्हर यांच्याबाबत मी बाकीच्यांपेक्षा जास्त कडक उत्तर देतो, कारण बदनामीविरुद्ध दाद मागायला लागणारा वेळ त्यांच्याकडे नसतो. पोलिसांत तक्रार द्या. दुसऱ्या घरानं तुम्हाला थेट विचारलं तर जे घडलं तेवढंच सांगा.

12. मला फसवणाऱ्याचा नंबर आणि बँक खातं माझ्याकडे आहे. ते तरी टाकू?

आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे गोठवायची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. खातं बहुधा फसवणाऱ्याचं नसतंच. थोड्या पैशांसाठी पासबुक आणि सिम दुसऱ्याला देणारी गरीब माणसं, विद्यार्थी यांच्या नावावर ही खाती चालतात. त्यांचाही दोष असू शकतो, पण तुमच्या पोस्टनं सूत्रधाराचं काहीच बिघडत नाही. फसवणुकीची पद्धत जाहीर लिहा, संदेशाचा मजकूर टाका. नंबर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलिसांकडे द्या.

13. पोलीसच आरोपींची वस्तीतून धिंड काढतात. मग आम्हालाच नैतिकता का शिकवता?

मुद्दा बरोबर आहे. गाड्या फोडणाऱ्या पोरांना त्याच गल्लीतून फिरवलं की टाळ्या पडतात, रील निघतं. माझ्या मते तेही चूक आहे. आरोप सिद्ध होण्याआधी दिलेली ती शिक्षाच आहे. फरक एवढाच की पोलिसांना न्यायालय जाब विचारू शकतं.

14. ज्यानं माझा छळ केला त्याचं नावही मी घ्यायचं नाही? तक्रार समितीनं तर दाबून टाकलं.

तुम्ही घेऊ शकता. हे बाकीच्या प्रश्नांपेक्षा वेगळं आहे. तुम्ही अनोळखी माणसाची शिकार करत नाही, स्वतःवर बेतलेलं सांगत आहात आणि स्वतःच्या नावानं त्यामागे उभ्या आहात. लैंगिक छळाचा जाहीर आरोप केला म्हणून माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयानं 17 फेब्रुवारी 2021 रोजी रमाणींना निर्दोष ठरवलं. स्त्रीला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, अगदी काही दशकांनंतरही मांडता येते, असं त्या निकालात म्हटलं आहे. तरीही खटला त्यांना लढावा लागलाच, ही तयारी ठेवा.

काय घडलं, कधी, कुठे, समितीनं काय केलं, हे लिहा. त्याच्या मुलांचे फोटो, घरचा पत्ता, आईचा नंबर त्यात नको. त्यानं तुमच्या सांगण्यात भर पडत नाही आणि समोरच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. दुसऱ्या कुणाच्या वतीनं, तिला न विचारता नाव फोडणं मात्र मी चूकच मानतो.

15. नगरसेवक, अधिकारी, इन्फ्लुएन्सर यांच्याबाबतही हेच नियम?

त्यांच्या कामाबद्दल नाही. सही, निर्णय, टेंडर, भाषण, निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र, जाहिरातीचे घेतलेले पैसे यावर खुशाल लिहा, माहिती अधिकारात कागद काढा. मुलीची शाळा आणि आजारी वडिलांचं हॉस्पिटल यात येत नाही.

16. मी ग्रुप ॲडमिन आहे. कुणी असं काही टाकलं तर मी अडकेन का?

नुसता ॲडमिन म्हणून नाही. सभासदासोबत समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलं आहे. पोस्ट काढायची सोय असूनही तुम्ही तीन दिवस गंमत बघत बसलात, तर कायदा काही म्हणो, शेजारी विचारतीलच.

17. माझीच माहिती कुणीतरी टाकली आहे. फोन थांबत नाहीत. आत्ता काय करू?

उत्तर देऊ नका, सफाईचा व्हिडिओही आत्ता नको. आधी पोस्टची लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, पोस्ट उडाली तर पुरावा जातो. धमकीचे फोन आले तर वेळ लिहून ठेवा. कुणी दाराशी आलं तर 112. वॉचमन, ऑफिस आणि मुलांची शाळा यांना तुम्हीच आधी कळवा, दुसऱ्याकडून कळण्याआधी.

मग जवळच्या ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही ती नोंदवता येते. डॉक्सिंग नावाचा स्वतंत्र गुन्हा आपल्याकडे नाही. म्हणून न्याय संहितेतली धमकी (कलम 351), पाठलाग (78), बदनामी (356), खासगी अवयवांचे फोटो असतील तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं 66ई, असं जे लागू पडेल ते तक्रारीत स्पष्ट लिहा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यावर इथे फार भिस्त ठेवू नका, वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला त्यात सूट आहे. प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे तक्रार करा, तिथे दाद मिळाली नाही तर केंद्राच्या अपील समितीकडे जाता येतं.

एक काम दुसऱ्याला सोपवा: कॉमेंट वाचणं. बहिणीला, मित्राला बसवा. तुम्ही वाचू नका.

18. मी एक पोस्ट पुढे पाठवली होती. तो माणूस निर्दोष निघाला. आता डिलीट केली की झालं ना?

नुसती डिलीट केली तर ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यात ती तशीच राहते. जिथे पाठवली होती त्याच ग्रुपवर, त्याच लोकांना लिहा की ती माहिती चुकीची होती. त्यात त्याचं नाव आणि फोटो पुन्हा टाकू नका, नाहीतर दुरुस्तीच्या नावाखाली तुम्ही तेच पुन्हा पसरवाल. तुमच्याकडून ती कुणी पुढे नेली हे माहीत असेल तर त्यांना फोन करा, संदेश नको. दोन-चार दिवस दुरुस्ती दिसू द्या, मग मूळ पोस्ट काढा. त्या प्रकरणात तक्रार झालेली असेल किंवा तुम्हाला नोटीस आली असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय काहीही डिलीट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप मागे लागेल. तोपर्यंत पोस्ट फक्त स्वतःला दिसेल अशी करून ठेवता येते का, तेही त्यांनाच विचारा.